दाणापात्राभोवतीचे पक्षी आणि कॅमेरा

पक्ष्याचे छायाचित्र घेणे आणि पक्षी काय करीत आहे याचे छायाचित्र घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या प्रकारच्या चित्रात पिसांचा रंग, चोचीची ठेवण, डोळ्याभोवतीचे कडे ही सारी स्पष्ट उमटली म्हणजे काम झाले. दुसऱ्या प्रकारात एवढे सर्व साधूनही चित्र निकामी ठरू शकते. कारण पक्षी त्या क्षणी तेथे का आला होता, त्याच्याआधी कोण आले होते आणि त्याच्या येण्याने कोण उडून गेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चित्रातून मिळत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रकार आहे, आणि तोही एका लहानशा जागेपुरता मर्यादित आहे. बागेत, अंगणात किंवा सज्जात पक्ष्यांसाठी दाणे, फळे व पाणी ठेवण्याची जी जागा असते, तिला येथे सोयीसाठी दाणापात्र म्हटले आहे. मग ती टांगलेली नळी असो, खांबावरची फळी असो की कठड्यावरची मातीची परळ असो.

पक्ष्याचे वर्तन टिपावयाचे तर पक्षी पुनःपुन्हा एकाच ठिकाणी आला पाहिजे. रानातून हिंडताना तो एकदा दिसतो आणि नाहीसा होतो. कॅमेरा सरसावेपर्यंत जे घडावयाचे ते घडून गेलेले असते. पक्षी हमखास परत येतो अशी ठिकाणे मोजकीच आहेत : घरटे, पाणी आणि अन्न. पक्षी-छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात भर होता तो घरट्यावर. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली एका थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे व अंड्यांचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅमेरे अवजड होते आणि काचा मंद होत्या. तेव्हा जे हलणार नाही किंवा हलले तरी परत येईल तेच टिपणे शक्य होते. याच बंधूंनी पुढे पोकळ बैलाच्या आत दडून पक्ष्यांजवळ जाण्याचा प्रयोग केला. आज त्या बैलाचे चित्र पाहून हसू येते. परंतु त्यामागील विचार अगदी बरोबर होता. चरणाऱ्या जनावराला पक्षी भीत नाहीत, हे त्यांनी आधी पाहिले होते.

घरट्याजवळच्या छायाचित्रणाची किंमत मात्र पक्ष्यालाच द्यावी लागते. आडोशाची फांदी दूर केली की पिलांवर ऊन येते आणि कावळ्याची दृष्टीही पडते. आई-बाप बिथरले तर अंडी थंड पडतात. छायाचित्रकारालाही ही किंमत कधीकधी द्यावी लागली आहे. एरिक हॉस्किंग हे ब्रिटनमधील नामांकित पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळील आपल्या लपणाकडे रात्री जात असताना घुबडाने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देण्याचा समावेश केला आहे. म्हणजे घरट्याशी कॅमेरा घेऊन लुडबुड करणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या पंगतीस बसू शकतो. दाणापात्राचे महत्त्व येथे लक्षात येते. तेथे पक्षी आपण होऊन येतो, भय वाटल्यास निघून जातो, आणि त्याच्या जाण्याने कोणाचे पिलू उपाशी राहत नाही.

दाणापात्राने छायाचित्रकाराला दुसरी एक सोय दिली : पक्षी कोठे थांबणार हे इंचाइंचाने आधीच ठरविता येते. याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील हमिंगबर्डचे आहे. हे चिमुकले पक्षी फक्त अमेरिका खंडांतच आढळतात; आपल्या शिंजिराशी त्यांचे नाते नाही, दोघांनाही फुलांतील मध आवडतो एवढेच. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो आणि त्या वेळी लाल कंठाच्या हमिंगबर्डचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. म्हणजे पंख एकदा पुढे येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागला. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तरी तेवढ्यात पंखाने आपल्या फटकाऱ्याचा दहावा हिस्सा पार केलेला असतो आणि चित्रात नुसते धुके उमटते. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी अत्यंत अल्पकाळ चमकणाऱ्या विजेच्या दिव्याने हा प्रश्न सोडविला. शटर किती वेळ उघडे आहे याला मग महत्त्व उरले नाही. दिवा जेवढा वेळ चमकेल तेवढेच चित्र. मात्र हा दिवा पक्ष्याच्या अगदी जवळ असावा लागे, आणि पक्षी जवळ येणार कोठे, तर साखरपाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी. ड्यू पाँ या रसायन-उद्योगाचे अध्यक्ष आणि शिक्षणाने अभियंता असलेले क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी याच मार्गाने वर्षानुवर्षे काम करून १९६० साली हमिंगबर्डवरील आपला चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध केला. वाऱ्याच्या बोगद्यात साखरपाण्याची नळी ठेवून त्यांनी या पक्ष्याचा वेगही मोजला : ताशी ४०-४५ किलोमीटरपलीकडे वारा गेला की पक्ष्याला नळीशी तग धरता येईना. पंख मागे नेतानाही पक्ष्याला आधार कसा मिळतो, पंखाचा तळवा कसा उलटा होतो, हे या अल्पकाळ चमकणाऱ्या दिव्याच्या चित्रांमुळे साध्या डोळ्यांना दिसू शकले. दाणापात्र नसते तर हे घडले नसते.

परंतु पंखाची हालचाल ही गोष्ट वेगळी आणि वर्तन ही वेगळी. वर्तनाचे चित्र वाचताना कशी फसगत होते, याची कथा इंग्लंडच्या दारादारांत घडली. तेथे सकाळी दुधाच्या बाटल्या उंबऱ्याशी ठेवून जाण्याची पद्धत होती. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळील स्वेदलिंग येथे टिट जातीचे पक्षी या बाटल्यांची झाकणे फाडून वरची साय खाताना आढळले. आपल्याकडील राखी वल्गुली ही याच कुळातील. पुढील पंचवीस-तीस वर्षांत ही सवय इंग्लंडभर दिसू लागली. पुठ्ठ्याच्या झाकणाचे थर सोलून काढावयाचे, पत्र्याच्या पातळ झाकणाला आधी भोक पाडून मग ते फाडावयाचे, अशा तिच्या तऱ्हा होत्या. जेम्स फिशर व रॉबर्ट हाइंड यांनी लोकांकडून माहिती गोळा करून १९४९ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात ११ जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. उंबऱ्यावरची बाटली म्हणजे कोणी मुद्दाम न ठेवलेले दाणापात्रच होते.

आता अशा एखाद्या छायाचित्राची कल्पना करावी. एक टिट बाटलीवर बसून झाकण फाडीत आहे आणि दुसरा शेजारी बसून टक लावून पाहत आहे. पाहणारा कोणीही सहज म्हणेल की, दुसरा पहिल्याकडून विद्या शिकत आहे. १९८४ साली शेरी व गेलफ या संशोधकांनी टिटचाच नातेवाईक असलेल्या चिकडी या पक्ष्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे आढळून आले की, ज्या पक्ष्यांना कोणीही काही करून दाखविले नव्हते, केवळ आधीच उघडलेले पात्र समोर ठेवले होते, तेही पुढे बंद झाकण फोडू लागले. एकाने फोडलेली बाटली मागे राहिली आणि दुसऱ्याला ती आयती सापडली, एवढ्यानेही सवय पसरू शकते. म्हणजे 'विद्यार्थी' दिसणारा पक्षी केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत असू शकेल. चित्र खोटे नसते, त्याचे वाचन खोटे ठरू शकते.

मग खरे काय ते कळावे कसे? ऑक्सफर्डजवळील वायथमच्या जंगलात काम करणाऱ्या संशोधकांनी त्याचा मार्ग दाखविला. त्यांनी ग्रेट टिट पक्ष्यांसाठी एक पेटी बनविली. तिचे सरकते दार डावीकडे ढकलले तरी उघडे आणि उजवीकडे ढकलले तरी. वेगवेगळ्या भागांतील दोन-दोन पक्षी पकडून त्यांना दोहोंपैकी एकच रीत शिकविण्यात आली आणि त्यांना परत सोडण्यात आले. पक्ष्यांच्या पायांत ओळख पटविणाऱ्या बारीक चकत्या असल्यामुळे कोणता पक्षी केव्हा आला आणि त्याने दार कोणीकडे ढकलले याची आपोआप नोंद होत गेली. वीस दिवसांत त्या भागांतील सरासरी ७५ टक्के पक्षी दार उघडू लागले. आणि विशेष असे की, ज्या भागात जी रीत प्रथम आली तीच तेथे रूढ राहिली. हे निष्कर्ष २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तर मिळाले ते प्रत्येक पक्षी ओळखता आला म्हणून.

ओळख पटण्यासाठी चकत्याच हव्यात असे मात्र नाही. लंडनच्या वाद्यवृंदांत व्हायोला वाजविणाऱ्या लेन हॉवर्ड या बाई १९३८च्या सुमारास ससेक्समधील डिचलिंग गावी राहावयास गेल्या आणि आपल्या छोट्या घराच्या खिडक्या त्यांनी पक्ष्यांसाठी उघड्या टाकल्या. टिट पक्षी त्यांच्या टेबलावर दाणे टिपीत, खोलीत झोपत, आणि बाईंना त्यांतील प्रत्येक जण चेहऱ्यावरून व बसण्याच्या ढबीवरून ओळखू येई. १९५२ साली त्यांचे पक्ष्यांच्या व्यक्तिवैशिष्ट्यांवरील पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना ज्यूलियन हक्सली यांची होती आणि त्यातील छायाचित्रे घुबडाने डोळा गमावलेल्या त्याच एरिक हॉस्किंग यांची होती. भ्यालेल्या पक्ष्याचे वर्तन हे त्याचे खरे वर्तन नव्हे, असे हॉवर्डबाईंचे म्हणणे. शास्त्रज्ञांना त्यांची काही अनुमाने भावुक वाटली, आणि ती तशी होतीही. परंतु हे एक म्हणणे टाकाऊ नाही. दाणापात्रासमोर बसणाऱ्या छायाचित्रकाराने निदान एवढे शिकावे की 'एक बुलबुल आला' या नोंदीला फारसा अर्थ नाही. शेपटीचे एक पीस तुटलेला बुलबुल आला, तो रोज उजव्या फांदीवरून येतो आणि दुसरी जोडी असली की बाहेरच थांबतो, या नोंदीला अर्थ आहे. आजचे भिंग एवढे सूक्ष्म टिपते की चोचीवरचा ओरखडा किंवा कंठावरच्या काळ्या डागाची कडा पाहून चिमण्यांमधील नर वेगळे ओळखता येतात. पिसे झडून नवी आली की ही ओळख पुसते, तेव्हा दर ऋतूत ती नव्याने करावी लागते, ही अडचण आहेच.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. दाणापात्रावर दिसते ते वर्तन पक्ष्याचे की दाणापात्राचे? रानात दाणे विखुरलेले असतात. पक्षीही विखुरलेले असतात. बागेत ते वीतभर जागेत एकत्र आणले जातात आणि एरवी दिवसातून एखाद्या वेळी समोरासमोर आले असते ते पक्षी दर मिनिटाला एकमेकांना भिडतात. ग्रेट टिटच्या पोटावरून जाणारा काळा पट्टा नरात रुंद असतो. तो पुढे करून छाती ताणणे, चोच उघडणे, पंख खाली सोडणे हे सारे इशारे आहेत. प्रत्यक्ष मारामारी टाळण्यासाठीच ते असतात आणि बहुधा त्यांनीच काम भागते. परंतु आजचा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेतो. दोन बुलबुल फळीवर एकत्र आले, अठरा चित्रांत ते शेजारी शेजारी बसून पपई खात आहेत आणि दोन चित्रांत एकाची चोच उघडी आहे. छायाचित्रकार त्या दोहोंपैकी एक निवडतो आणि खाली 'तुंबळ युद्ध' असे लिहितो. पाहणाऱ्याच्या मनात बुलबुल हा भांडखोर पक्षी ठरतो. उरलेली अठरा चित्रे पुसली जातात आणि पुराव्याचा मुख्य भाग त्यांच्याबरोबर जातो.

याहून सफाईदार लबाडी फांदीची. दाणापात्रापासून हातभर अंतरावर एक शेवाळलेली, देखणी फांदी रोवून ठेवतात. पक्षी दाण्यांवर उतरण्यापूर्वी क्षणभर तिच्यावर टेकतो आणि चित्र निघते ते रानातल्या पक्ष्याचे. पक्ष्याचे नुसते रूप टिपावयाचे असेल तर यात गैर काही नाही, उलट ही युक्ती चांगलीच आहे. परंतु मान तिरकी करून तो खाली पाहत असतो ते तांदळाच्या कणीकडे, आणि चित्राला नाव मिळते 'चिंतन'. आपल्या देशात अलीकडे अशा जागा पुष्कळ झाल्या आहेत. नैनितालजवळील सातताल येथील एक जागा छायाचित्रकारांत 'स्टुडिओ' याच नावाने ओळखली जाते, आणि नाव यथार्थ आहे. कर्नाटकात काळी नदीच्या काठी गणेशगुडी येथे सुपा धरणाच्या कामासाठी स्फोटके ठेवण्याची जी जुनी वखार होती, तिच्या आवारात मांडलेल्या पाण्याच्या कुंड्यांवर उन्हाळ्यात जंगलातले लाजाळू पक्षी उतरतात. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीतही पाणवठ्यांसमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. या जागांना नाके मुरडण्याचे कारण नाही. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन माणसे जंगलात येतात आणि गावातल्या लोकांना त्यातून चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. आक्षेप एवढाच की, ओंडक्यामागे दडविलेल्या अळ्यांचा चित्राखालच्या मजकुरात उल्लेख नसतो.

वस्तुतः दाणापात्राचा उल्लेख केल्याने चित्राची किंमत कमी होत नाही. आपल्याकडील साध्या अंगणातही पाहण्यासारखे एवढे आहे की ते लपविण्याची गरज पडू नये. कावळ्याला घास ठेवण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर होती आणि गुजरातेत गावोगाव नक्षीदार चबुतरे उभे आहेत. पक्ष्यांना दाणे घालणे ही आपल्याला कोणी शिकवावयास नको. पण घास ठेवल्यावर तेथे बसून राहणे मात्र आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

बाजरी किंवा तांदळाची कणी ठेवली की चिमण्या, साळुंक्या, होले येतात. पपई, केळे, पेरू यांवर बुलबुल, तांबट आणि क्वचित राखी धनेशही उतरतो. खारी तर न बोलावताच हजर. दयाळ दाण्यांसाठी येत नाही. तो पिकलेल्या फळांवर जमणाऱ्या किड्यांसाठी येतो, आणि पाण्याचे परळ असेल तर संध्याकाळी अंघोळीसाठी. शिंजिरासाठी साखरपाणी ठेवण्याऐवजी जास्वंद लावावी. या फुलाच्या तोंडातून आत न जाता देठाशी चोचीने भोक पाडून मध काढण्याची शिंजिराची खोड सकाळच्या तिरप्या उन्हात सुरेख टिपता येते. ते चित्र खरोखर वर्तनाचे असते. फुलाला परागणाचा मोबदला न देता मध कसा पळविला जातो, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते.

परंतु अंगणातल्या वर्तनाची खरी खाण म्हणजे सातभाई. हे मातकट पक्षी रूपाने सामान्य असल्यामुळे छायाचित्रकार त्यांच्याकडे वळून पाहत नाहीत, ही आश्चर्याची गोष्ट आहे. सात-आठ जणांचा थवा पाचोळा उलथीत उलथीत फळीपर्यंत येतो. सगळे एकदम खात नाहीत. एक जण उंच फांदीवर बसून मान फिरवीत राहतो. शिक्रा किंवा मांजर दिसताच तो ओरडतो आणि सारा थवा झुडपात शिरतो. थोड्या वेळाने पहारा बदलतो. खाणे झाले की ते फांदीवर एकमेकांना खेटून बसतात आणि एक दुसऱ्याच्या मानेची पिसे साफ करतो, जेथे त्याची स्वतःची चोच पोहोचत नाही नेमके तेथेच. पावसाळ्यात कधी या थव्यामागून एक मोठे, निराळ्याच तोंडवळ्याचे पिलू चारा मागत हिंडताना दिसते. ते पावशाचे किंवा चातकाचे असते आणि सातभाई त्याला आपले समजून भरवीत असतात. हे सारे टिपण्यासाठी चौकट मोठी ठेवावी लागते. सवयीने छायाचित्रकार पक्ष्याच्या डोळ्यावर भिंग रोखतो आणि पहारेकरी चौकटीबाहेर राहतो.

जागेच्या बाबतीत काही गोष्टी अनुभवाने ठरलेल्या आहेत. दाणापात्र झुडपापासून दोन-तीन मीटरवर असावे. त्याहून जवळ असले तर मांजराला दबा धरता येतो. फार दूर उघड्यावर असले तर शिक्र्याच्या भयाने पक्षी दाणा उचलून लगेच पळतात आणि पाहण्यासारखे काही घडतच नाही. काचेची खिडकी समोर असेल तर दाणापात्र तिच्या अगदी लगत, हातभराच्या आत ठेवावे. मधल्या अंतरावर ठेवल्यास बिथरलेला पक्षी वेगाने काचेवर आदळून मरतो. कॅमेरा पहिल्या दिवशी नेऊ नये. तिवईवर एक रिकामा डबा बांधून तो तीन-चार दिवस तसाच ठेवावा आणि पक्षी त्याला सरावले की मग डब्याच्या जागी कॅमेरा बसवावा. दुरून कळ दाबण्याची सोय आता स्वस्त झाली आहे. तिच्यामुळे मनुष्याला खिडकीच्या पडद्यामागे राहता येते. फ्लॅश वापरावयाचाच तर मोजका वापरावा, आणि अंधार पडू लागल्यावर मुळीच नको, कारण पक्ष्यांची ती निवाऱ्याला जाण्याची वेळ असते.

उरतो प्रश्न वाट पाहण्याचा. १९३० साली सालिम अली यांनी अलिबागजवळील किहीम येथे बाया सुगरणीच्या वसाहतीशेजारी उंच आसन व आडोसा करून महिनोन्महिने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे बांधून थांबतो, मादी येऊन ते पसंत करते आणि मग तो पुढचे घरटे दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो, हे त्यातून उलगडले. तेथे दाणापात्र नव्हते आणि यांत्रिक साधनांचा थाटही नव्हता. वहीतल्या वेळेसह केलेल्या नोंदी होत्या. कॅमेऱ्याने वहीची गरज संपविली, असा समज आज रूढ आहे. प्रत्यक्षात चित्रांची संख्या जेवढी वाढली तेवढी वहीची गरज वाढली आहे, कारण दोन चित्रांच्या मधल्या वेळात काय झाले ते कॅमेरा सांगत नाही. चिमण्यांचेच पाहा. दाणापात्रावरची शंभर चित्रे पाहून कोणीही म्हणेल की चिमणी दाण्यांवर जगते. पण पिलांना ती अळ्या व किडे भरविते. ते किडे बागेतल्या झाडाझुडपांत मिळाले नाहीत तर फळीवर कितीही बाजरी असून उपयोग नाही.

छायाचित्रकाराच्या हातून होणारी सर्वांत गंभीर चूक मात्र निराळीच आहे, आणि ती त्याला बहुधा कळतही नाही. थंडीच्या दिवसांत एखादा पक्षी फळीच्या कडेला पिसे फुलवून, लोकरीच्या गोळ्यासारखा बसलेला असतो. डोळे अर्धवट मिटलेले. कॅमेरा जवळ नेला तरी तो उडत नाही. असे चित्र घेण्याचा मोह कोणालाही होईल, आणि 'गाढ विश्वास' असे काहीतरी नावही सुचेल. तो पक्षी आजारी असण्याचा संभव फार मोठा आहे. थंडीने पिसे फुलविणारा निरोगी पक्षी सावध असतो. हालचाल होताच अंग आवळून उडतो. जो उडत नाही, दाणा चोचीत धरून गिळू शकत नाही, ज्याच्या चोचीभोवती ओलसर अन्न चिकटले आहे किंवा पापण्या सुजून खपल्या धरल्या आहेत, त्याच्या भोवती तेच दाणे दुसरे पन्नास पक्षी टिपीत असतात.

ही भीती काल्पनिक नाही. १९९३-९४च्या हिवाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास बागांतील दाणापात्रांवर सुजलेल्या डोळ्यांचे हाऊस फिंच दिसू लागले. कोंबड्यांना होणाऱ्या एका जिवाणूचा तो रोग होता. डोळे गेले की पक्षी उपाशी मरे किंवा मांजराच्या तोंडी जाई. काही वर्षांतच हा रोग देशाच्या सर्व पूर्व भागात पसरला, आणि त्याचा प्रवास समजला तो आपापल्या बागेतील पक्षी मोजणाऱ्या हजारो सामान्य लोकांमुळे. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात १९७६ साली सुरू झालेली दाणापात्रांवरील पक्षिगणना १९८७पासून खंडभर होऊ लागली होती, तिचा येथे उपयोग झाला. ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास ग्रीनफिंच या पक्ष्यात कबुतरवर्गातील एका परजीवीचा रोग शिरला. त्याने घसा धरतो, अन्न गिळता येत नाही. एकेकाळी प्रत्येक बागेत दिसणारा हा पक्षी २०२१ साली तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. सपाट फळीवर साचलेले ओले दाणे आणि त्यांतच पडणारी विष्ठा, हा रोग पसरण्याचा एक मार्ग आहे. आपल्याकडे दाणे घालण्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे मुद्दा कबुतरांच्या विष्ठेमुळे माणसांना होणाऱ्या श्वसनविकारांचा होता. पोत्याने दाणे ओतून निघून जाणे आणि एका वेळी संपतील एवढेच दाणे ठेवून समोर बसणे, यांतला फरक यातून ध्यानी यावा.

म्हणून आजारी पक्षी दिसताच त्याचे एक स्पष्ट चित्र जरूर घ्यावे, तारीख व जागा लिहून ते पक्षितज्ज्ञ किंवा पशुवैद्य यांच्याकडे पाठवावे आणि दाणापात्र त्याच दिवशी उतरवावे. पक्षी पांगले म्हणजे संसर्ग थांबण्याची आशा असते. पात्र गरम पाण्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मांडावे. पाण्याचे परळ रोज विसळावे, शिळी पोळी आणि खारे पदार्थ ठेवू नयेत. ऐन भरात आलेली चित्रमालिका यामुळे मध्येच तुटते, हे खरे. ती तोडावयाची असते.

चित्राखालचा मजकूर कसा असावा याबद्दल शेवटी थोडेसे. आजकालच्या चित्रांखाली भिंगाची लांबी, शटरचा वेग, कॅमेऱ्याची जात हे सारे तपशीलवार दिलेले असते आणि पक्ष्याविषयी एक विशेषण असते. तेथे जागेच्या पुढे दाणे कोणते होते, पक्षी त्या जागेला किती दिवसांपासून सरावले होते आणि चित्रापूर्वीच्या व नंतरच्या मिनिटात काय घडले, एवढे लिहिले तर ते चित्र दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाला उपयोगी पडते. उदाहरणार्थ असे लिहिता येईल : 'सातभाई, थव्यात आठ पक्षी, फळीवर पपई, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, खाणारे पाच, पहारेकरी चौकटीबाहेर डावीकडे आंब्याच्या फांदीवर, दोन मिनिटांनी त्याने इशारा दिला आणि सर्व मेंदीच्या कुंपणात शिरले, कारण दिसले नाही.'